जावयाचं नाटक

आर्नफिनने दोराची गाठ ओढून पाहिली. सुटली नाही. त्याला जरा वाईटच वाटलं.

गाठ त्याच्या जावयाने मारलेली होती. तो तोरगेर समोरच लाकडं फोडत होता. अंगात लोकरीचा जाड अंगरखा, दाढी छातीवर रुळलेली. समुद्रातल्या तेलविहिरीवरची पक्की नोकरी सोडून तो हजार वर्षांपूर्वीचं गाव उभारलेल्या या संग्रहालयात व्हायकिंग म्हणून लागला, तेव्हापासून सासरा त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नव्हता. आज इंगुनने वडिलांना एकदाचं इथवर आणलं होतं. बघा आणि मग काय ते बोला, असं म्हणून. बोलून तर बसली होती, पण आता तिचा जीव वरखाली होत होता. म्हातारा मत लवकर देत नसे आणि दिलेलं परत घेत नसे.

"नाटक छान आहे," आर्नफिन म्हणाला. "पगार वेळेवर होतो का?"

"पगार म्हणजे काय, पाहुणे?" तोरगेरने कुऱ्हाड खाली ठेवली.

"बाबा, त्याला त्या काळातलंच बोलावं लागतं," इंगुन कुजबुजली. "नंतरचं काही विचारलं तर कळत नाही असं दाखवायचं. नियमच आहे तसा."

"असं होय." म्हाताऱ्याला खेळ सापडला. "मग शुक्रवारी जेवायला येणार का? टाको करतोय."

"फ्रिगदेवीच्या वारी? येतो की. पण टाको हा कुठला मासा?"

मागे उभ्या असलेल्या, बर्गन शहराहून संग्रहालय बघायला आलेल्या एक बाई फिस्सकन हसल्या. आर्नफिन हसला नाही. तो घाईघाईने छपराकडे बघायला लागला.

मग त्याने सगळंच बघितलं. होडीच्या डांबराला बोट लावून वास घेतला. छपरावरचं गवत उपटून पाहिलं, मग इकडेतिकडे बघून परत खोचलं. नावडत्या गोष्टीला माणूस इतका हात लावत नाही, पण हे त्याला सांगणार कोण?

"वाळत घातलेले कॉड मासे फार चिकटून टांगलेत," तो शेवटी म्हणाला. "वारा कुठून लागायचा?"

"मग लावा की हात, पाहुणे. नुसते बोलताय काय?"

इंगुनने डोळे मिटले. उघडून बघते तो म्हातारा मासे सरकवत होता, आणि तोरगेर दांडी धरून उभा होता.

आता राहिलं होतं ते मधलं लांबोडकं घर. दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये. आत काळोख, मधोमध विस्तव, बाजूच्या बाकांवर कातडी अंथरलेली. धुराबरोबर भाजत्या भाकरीचा वास बाहेर येत होता. आर्नफिन उंबऱ्याशी येऊन थांबला. बराच वेळ थांबला. मागे रांग खोळंबली. आता बाबा मागे फिरणार, असं इंगुनला वाटलं.

आर्नफिन वाकला. हवं होतं त्याहून जास्त वाकला. त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, भिंतीशी नीट जोडीने ठेवले आणि मोज्यांवरच आत जाऊन विस्तवाशी बसला.

कुणाच्या घरात पायात बूट घालून शिरायचं नाही, हे इकडे पोरं चालायच्या आधी शिकतात. पण संग्रहालयात बूट कोण काढतं?

तोरगेर काहीतरी बोलायला गेला. इंगुनने त्याचं मनगट दाबलं. इथे बूट काढावे लागत नाहीत, अशी आठवण करून दिली असती, तर म्हाताऱ्याने बूट परत चढवले असते. तोरगेरने आत जाऊन बाकावरचं एक मेंढीचं कातडं ओढलं आणि सासऱ्याच्या पायांखाली सरकवलं. आर्नफिनने पाय उचलले, पुन्हा टेकले, आणि विस्तवाकडेच बघत राहिला.

बाहेर बर्गनच्या बाई भिंतीशी ठेवलेल्या बुटांकडे बघत होत्या. त्यांनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. तो मुकाट्याने खाली वाकला आणि नाड्या सोडू लागला.