कुंडीतली पानं

सातव्या उंदराचं यकृतही तसंच निघालं. फिकट, वर पिवळे ठिपके. थोरलीनं चिमटा खाली ठेवला.

"सगळेच, बाई," प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करणारे काका म्हणाले.

तीन आठवड्यांपूर्वी याच उंदरांचं केवढं कौतुक झालं होतं. खचलेला उंदीर पाण्याच्या भांड्यात सोडला की थोड्याच वेळात हातपाय गाळतो, नुसता तरंगत राहतो. एका झाडाच्या पानांचा अर्क दिलेले उंदीर मात्र पोहतच राहिले होते. माणसाच्या उदासीवरही औषध सापडेल, अशी आशा होती. थोरलीनं हे घरी जेवताना रंगवून रंगवून सांगितलं होतं. नवी रोपं करायला त्या झाडाची एक कुंडीच तिनं घरी आणून गॅलरीत ठेवली होती.

आता तिला ती कुंडी आठवली. आठ दिवसांपूर्वी कुंडीतल्या खालच्या फांद्या उघड्या दिसल्या होत्या. कीड लागली असेल म्हणून तिनं साबणाचं पाणी फवारलं होतं. पण कीड पानं कुरतडते. देठापासून खुडत नाही.

घरात धाकटी बहीण होती. नोकरी सुटल्यापासून दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडलेली. आंघोळ कर म्हणूनही तिला सांगावं लागे. आणि गेल्या पंधरा दिवसांत ती आपणहून उठू लागली होती. परवा तर केस कापून आली. डॉक्टरांनी बदललेली गोळी लागू पडली, असं समजून थोरली हरखली होती. आता तिला त्या गोळीची खात्री वाटेना.

तिनं फोन लावला. धाकटीनं उचलला नाही. पुन्हा लावला. नुसता वाजत राहिला. एप्रन न काढताच ती निघाली.

दार आईनं उघडलं.

"उंदरांनी आज लवकर सुट्टी दिली वाटतं?" आई हसली. आईचा स्वभावच तसा. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्यांनाच ती धीर देत होती. तिला बाजूला सारून थोरली आत धावली.

धाकटी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. थोरलीनं तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, खालची पापणी ओढून पाहिली. डोळे पांढरेस्वच्छ होते.

"किती पानं खाल्लीस? खरं सांग."

"कसली पानं?"

"या कुंडीतली. यकृत खलास करतात ती."

धाकटीच्या हातातला ओला टॉवेल खाली पडला. "ताई, मी नाही गं. मी गोळ्याच घेते," ती म्हणाली. "पण आई रोज स्वतःच्या चहात टाकते. खोकल्यासाठी आहेत म्हणाली."

थोरली वळली. आई गॅलरीच्या दारात उभी होती. तिच्या तोंडावर ऊन पडलं होतं. कितीतरी महिन्यांनी थोरलीनं आईकडे नीट पाहिलं. आईचे डोळे पिवळे झाले होते.

"तू आईला सांभाळून खाली आण, मी टॅक्सी थांबवते," धाकटी म्हणाली आणि अनवाणीच जिना उतरली.

इस्पितळात आईचं रक्त घेतलं. दोन दिवस काहीच सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसल्या.

"आई, तुला कशाला लागली ती पानं?"

आईनं छताकडे पाहिलं. ती हसली नाही.

"ही भिंतीकडे तोंड करून पडलेली, तू दिवसभर उंदरांत," ती म्हणाली. "घरात कुणीतरी हसतं राहायला नको का गं? मला जमेनासं झालं होतं."