बिघडलेला माइक

रेणूच्या लग्नाची बोलणी पुण्याच्या मंडळींशी कम्प्युटरवरच सुरू झाली. भिलाईच्या क्वार्टरमध्ये आई सरसावून पुढे झाली. "मले तं पोरगा फोटोतच पसंत पडला!" पलीकडे मुलाची बहीण ओठ दाबून हसली. रेणूनं ते पाहिलं, माऊस सरकवला आणि गुपचूप माइक बंद केला. "आई, आवाज जाऊन नाही राहिला. माइक बिघडला वाटते." आई बिचारी नुसतीच हात जोडून बसली. उरलेलं बोलणं रेणूनं मोबाइलवरून उरकलं, अगदी पुस्तकी मराठीत.

आठवडाभर बाबा प्लांटमधून आले की त्या माइकच्या मागे लागत. वायर काढून पुसली, सेटिंग उलटसुलट केली, स्पीकरसुद्धा बदलून पाहिला. "हॅलो, हॅलो" म्हटलं की आवाज खणखणीत यायचा. "माइक तं बरोबर हाय. मंग त्या दिवशी आवाज कावून नाही गेला?" बाबा विचारत, आणि रेणू मान खाली घालून मोबाइल चाळत राही. शेवटी त्यांनी हुडको कॉलनीतल्या दुकानातून नवाच माइक आणला.

पुढच्या रविवारी पुण्याची मंडळी पुन्हा स्क्रीनवर आली, तशी आई पदर सावरून कम्प्युटरपुढे बसली. तांदळातले खडे वेचावेत तसा एकेक शब्द वेचत म्हणाली, "मला मुलगा आवडला. आमाला स्थळ पसंत आहे."

मग रेणूकडे वळून तिनं हळूच विचारलं, "आता तं नाही बिघडणार ना वं माइक?"