भरवशाची साइट

"हा चोर आहे. पुढचा दाखव," मिलिग्रॅमकाका म्हणाले.

त्यांच्या मुलीने लॅपटॉपवरचं पान बंद केलं. सकाळपासून किती पानं बंद केली, याची मोजदाद तिने केव्हाच सोडली होती. रोमन नाण्यांची माहिती देणाऱ्या साइट इंटरनेटवर ढिगाने आहेत. काकांच्या पसंतीला उतरेल अशी एकही मिळत नव्हती.

काकांचं औषधांचं दुकान होतं. अर्धी गोळी द्यायची झाली तरी ते दोन्ही तुकडे काट्यावर ठेवून बघायचे, म्हणून गल्लीने त्यांचं नाव मिलिग्रॅम पाडलं. दुकान गेलं, पण काटा घरी आला आणि त्यावर नाणी बसू लागली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा रोमन माणसाच्या कमरेला खुळखुळलेली नाणी. काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, "सवत आणली असतीत तर निदान भांडता तरी आलं असतं."

अलीकडे मात्र काकांचं एकेक हरवायला लागलं होतं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपलं दुकान कोणत्या रस्त्यावर होतं ते. सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. आज सकाळी त्यांनी एक नाणं तळहातावर घेतलं. पुढच्या बाजूला किरणांचा मुकुट घातलेला सम्राट, मागच्या बाजूला तराजू धरून उभी असलेली बाई. त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं. काका बघत राहिले. सम्राटाचं नाव काही केल्या आठवेना. मग त्यांनी सगळी नाणी डब्यात भरली आणि डबा मुलीपुढे सरकवला.

"देऊन टाक कुणाला तरी. ज्याला ओळख पटत नाही त्याच्या घरात ती कशाला?"

मुलीने डब्याला हातही लावला नाही. नाणी हातात असली की तिचे बाबा अजून पूर्वीचे बाबा असत. डबा गेला की तेही जातील, असं तिला वाटलं.

"नेटवर शोधू ना," ती घाईघाईने म्हणाली. "एखादी भरवशाची साइट मिळाली की नाव नाही आठवलं तरी बघता येईल. नाहीच मिळाली तर नेते मी डबा."

तेव्हापासून हे चाललं होतं. एका साइटवाल्याने नाण्याची एकच बाजू दाखवली होती. "दुसरी काय माहेरी गेलीय?" बाद. दुसऱ्याने वजनच दिलं नव्हतं. तोही बाद, आणि वर एक शेलकी शिवी. तिसऱ्याकडची दोन नाणी काकांनी स्क्रीनला भिंग लावून पाहिली. दोन्ही सम्राटांच्या गालावर एकाच जागी एकच ओरखडा होता.

"हाताने ठोकलेली नाणी अशी जुळी निघत नाहीत. साच्यात ओतलीत मेल्याने."

सम्राटाचं नाव विसरलेल्या माणसाला हे मात्र अचूक दिसत होतं. मुलीला हसावं की रडावं कळेना.

शेवटी एकच साइट उरली. खरं तर ती तिला सगळ्यात आधी आठवली होती, पण तिने मुद्दाम मागे ठेवली होती. बाबांनी हिलाही नावं ठेवली असती तर तिला सोसलं नसतं. आता इलाज नव्हता. तिने पान उघडलं आणि जीव मुठीत धरून बसली.

काका वाचू लागले. ओळीवर बोट ठेवून, सावकाश. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू होत्या. कडेचा वेगळा फोटो होता. वजन होतं. एका नाण्याखाली लिहिलं होतं, 'याच्याविषयी मी आधी चुकीचं लिहिलं होतं. एका वाचकाने माझे कान उपटले. त्याचे आभार.' काका खुदकन हसले. आणखी खाली एक झिजून गुळगुळीत झालेलं नाणं होतं. त्याच्याखाली एवढंच लिहिलं होतं, 'हा सम्राट कोण ते मला ठाऊक नाही. तरी नाणं मला फार आवडतं.'

काका तिथे थांबले. ते वाक्य त्यांनी परत वाचलं. मग मोठ्याने वाचलं.

"हा भरवशाचा," ते म्हणाले. "बघ, ठाऊक नाही म्हणायला लाजत नाही. आणि म्हणून काही नाणं टाकूनही देत नाही."

त्यांनी डबा आपल्याकडे ओढून घेतला. तराजूवाल्या बाईचं नाणं शोधून काढलं आणि कडेने अलगद धरून खिडकीतल्या उजेडात न्याहाळलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

"राहू देत घरात," ते म्हणाले. "नाव नसेना का."

मुलीचे डोळे भरून आले. तिने ते मनगटाने पुसले, पण काकांनी पाहिलंच.

"रडतेस काय वेडाबाई? चांगला माणूस सापडला की!" ते पुन्हा पडद्याकडे वळले. "भेटायला हवं याला एकदा. आमचं फार जमलं असतं बघ. आहे का गं हा अजून, की गेला?"

"आहेत ना, बाबा." मुलीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "हे काय, माझ्या शेजारीच बसलेत."