सरळ उभे राहा

"ह्यांना चक्कर वगैरे येते का हो?" सेल्समनने विचारलं, तेही ताईला.

"त्यालाच विचारा ना. तोंड आहे त्याला," ताई फाडकन म्हणाली.

सकाळपासून तिचं डोकं फिरलं होतं. दुकानाला पायऱ्याच पायऱ्या, उतार कुठेच नाही. दोघा अनोळखी माणसांनी व्हीलचेअर भावासकट उचलून फ्रीजसारखी आत आणून ठेवली होती. अपघातानंतर धाकटा आज पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता, तोही या व्हीआर हेडसेटपायी. आज हात हलवत परत गेला तर हा काही पुन्हा उंबरा ओलांडणार नाही, हे ती ओळखून होती.

काउंटरवर दोन हेडसेट होते. "हा घ्या," सेल्समन पुन्हा ताईलाच सांगायला लागला. "वाकलात की गेममध्येही वाकता, बसलात की बसता. एकदम खऱ्यासारखं!"

भावाने तो डोळ्यांवर चढवला, मान इकडेतिकडे वळवली आणि ओरबाडून काढला.

"काय रे, काय झालं?"

"काय व्हायचंय? किल्ल्यात पहारेकरी आहेत आणि मला दिसतायत त्यांच्या कमरेचे पट्टे. ते घरात फुकट दिसतात मला. तो दुसरा द्या."

सेल्समन जरा घुटमळला, पण दुसरा हेडसेट त्याने भावाच्या डोक्यावर बसवला. शेजारच्या टीव्हीवर अक्षरं उमटली : कृपया सरळ उभे राहा. सेल्समनने बटण दाबलं. कृपया सरळ उभे राहा. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, आता लाल अक्षरांत.

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बंद करा ते डबडं!" ताई कडाडली. दुकानातली माणसं वळून बघायला लागली, तशी ती आणखीच भडकली. "हे बनवणाऱ्यांच्या घरात कुणी बसतच नाही का? आं?"

"मॅडम, म्हणून तर मी हा दाखवत नव्हतो," सेल्समन काकुळतीला आला. "पहिलंवहिलं मॉडेल, त्यात खोट आहे. सुरुवातीला एकदा उंची मोजतो. मग खेळणारा खाली बसू दे नाहीतर आडवा होऊ दे, गेममधली उंची जागची हलत नाही. लोक वैतागून परत आणून देतात."

ताईने एकदा सेल्समनकडे पाहिलं, एकदा त्या हेडसेटकडे. मग भावाच्या डोक्यावरून तो काढला, स्वतःच्या डोळ्यांवर लावला आणि पाय जुळवून ताठ उभी राहिली. मशीनने टिंग केलं. लगेच काढून तिने तो पुन्हा त्याच्या डोक्यावर बसवला. रागारागात तिने पट्टा खसकन आवळला. पट्ट्यात त्याचे केस अडकले.

"आई गं! हळू की जरा."

मग तो नुसती मान वळवत राहिला, उजवीकडे, डावीकडे.

"ताई."

"काय?"

"एवढंच दिसतं तुला?"

"म्हणजे?"

"प्रत्येकाची हनुवटी मध्ये येतेय इथे. एवढ्याशा उंचीवर जगतेस तरी कशी गं, बुटके?"

बुटके. याच हाकेवरून ती पूर्वी त्याच्या अंगावर धावून जायची. अपघातापासून ती हाक घरात ऐकूच आली नव्हती.

"मला माझी उंची पाहिजे," तो म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. "हे काढ आणि पुन्हा मोज."

ताई गर्रकन सेल्समनकडे वळली.

"अहो, बघत काय उभे राहिलात? स्टूल आणा!"