विसण

बाहेरून कडी लागली. शालूबाईने दारावर दोन्ही हात आपटले. दार सागाचे होते, ते जागचे हलले नाही.

"आत्याबाई, पोरगी तरी द्या मह्यापाशी. तिची पेयाची वेळ झाली."

"पोरगी आमची हाय," बाहेरून सासू म्हणाली. "पंजाबराव पाटील सांगून गेले. दिवस बुडायच्या आत तुले शिवेबाहेर काढतीन. मंग जाय तुह्या माहेरी, नाई तं कुठीबी."

माहेर जळगाव जामोदला. डिप्टी कमिशनरच्या हुकमाने बाजार बंद होते, गाड्या बंद होत्या. देऊळघाट गावातून एकटीने पायी निघायचे, आणि पटकीच्या गावची बाई म्हटल्यावर वाटेत कोण तिला दारात उभे करणार होते? पण शालूबाईला त्याचे काही वाटत नव्हते. तिचा जीव अडकला होता तो बाहेर रडणाऱ्या सहा महिन्यांच्या लेकीत.

धान्याची ती खोली. चारी बाजूंनी कणग्या, खिडकी नाही. वारा यायला जागा होती ती दाराच्या फटीएवढी.

आठ दिवसांत पटकीने घराची दैना केली होती. आधी सासरे भगवानराव गेले. तिसऱ्या दिवशी दीर तुळशीराम गेला. सासू झुंबरबाई एक दिवस ओकून ओकून मरणाच्या दारातून परत आली, आणि उठली ती थेट चुलीपाशी जाऊन बसली. आज सकाळपासून शालूबाईचा नवरा निवृत्ती ओसरीवर बाजेला खिळला होता. शालूबाईला मात्र साधी मळमळसुद्धा झाली नव्हती.

माणसे इतर घरांतही मेली होती. पण त्या घरांत पाणी उकळत नव्हते, इथे उकळत होते. बुलढाण्याहून आलेले डॉक्टर बद्रुद्दीन अंगणात उभे राहून सांगून गेले होते, "माय, पानी खळखळा उकळा. कच्च्या पान्याचा एक थेंब पोटात जाता कामा नये." झुंबरबाईने तो शब्द देवाचा मानला. चुलीवरच्या गंजाला, पाण्याच्या त्या पातेल्याला, तिने दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. ते पाणी सगळ्यांनी प्यायले आणि तरी सगळे आडवे झाले; उभी राहिली एकटी सून. मग गावाला आणखी काय हवे? पांढऱ्या पायाची आहे, करणी करते, असे आधी विहिरीवर कुजबुजले गेले आणि मग दारात येऊन बोलले गेले.

शालूबाई आधी रडली. मग तिला संताप आला. आता तिला भीती वाटत होती, आणि ती गावाची नव्हती. एकाच चुलीचे खायचे, एकाच गंजातले प्यायचे, मग मीच कशी राहिले? खरेच माझ्यात काही वाईट असेल का? हा विचार डोक्यात शिरला आणि आतून कडी लावून बसला. बाहेरची कडी कधीतरी कुणी काढली असती. ही कोण काढणार?

लेकीचे रडणे चिरकू लागले, तसा तिने फटीला डोळा लावला.

झुंबरबाई नातीला कडेवर घेऊन चुलीपाशी बसली होती. गंजात पाणी उकळत होते. तिने वाटीत थोडे पाणी घेतले, बोट बुडवले आणि चटकन मागे घेतले.

"थांब वं माय माही. तोंड पोळन तुहं."

आणि शेजारच्या रांजणात तांब्या बुडवून तिने वाटीत विसण घालायला हात पुढे केला.

हा हात शालूबाईने आठ दिवस रोज पाहिला होता. पाहिला होता आणि पाहिला नव्हता. कढत पाणी दिसले की बाईचा हात आपसूक विसणाकडे जातो. विसण हेही पाणीच, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. सासऱ्यांना पाणी गारच लागे, त्यांच्या तांब्यात विसण. दीर शेतातून तापून येई, त्याच्या तांब्यात विसण. निवृत्ती तर सासूचा लाडका. शालूबाईची पाळी सगळ्यांच्या शेवटी. तोवर गंजाच्या बुडाशी दोन घोट उरलेले असत, धुराचा वास लागलेले, जीभ पोळणारे. सुनेच्या पाण्याची एवढी काळजी कुणी करायची? ती फुंकून फुंकून पीत असे, आणि पिताना कधी कधी तिचे डोळे भरून येत.

लेक तर आजवर नुसती तिच्या दुधावर होती.

"आत्याबाई!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "इसन नोका घालू! रांजनातलं पानी कच्चं हाय! डाक्टर काय म्हने, आठवा! एक थेंब नाई!"

बाहेर फक्त पोरीचे रडणे राहिले. मग तांब्या जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

कडी निघाली. झुंबरबाईने पोर शालूबाईच्या पदरात टाकली. पोर अधाशासारखी चुटूचुटू पिऊ लागली. म्हातारी उंबऱ्यावर बसली आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

ओसरीवरून निवृत्तीने पाणी मागितले. झुंबरबाई सवयीने उठायला गेली, आणि पुन्हा खाली बसली.

"तू दे त्याले," ती म्हणाली. "त्या समद्याईले म्या मायेनं इसन घालू घालू पाजलं, शालू. तुलेच तेवढं कदी घातलं नाई."