डावा डोळा

शहांकडून खिलत आली, की सुभेदाराने वेशीबाहेरच्या मंडपापर्यंत पायी सामोरं जायचं, असा रिवाज. आज सुभेदार हूमान मिर्झा तसेच निघाले होते. खिलतीचा मानाचा झगा गाठोड्यात येतो. पण गाठोड्यात आणखी काय आहे, ते सोडल्याशिवाय कळत नाही. त्यांच्या चुलतभावालाही असंच गाठोडं आलं होतं. झग्याच्या घडीत डोळे काढायची सळई निघाली. तो सुभेदार आता काठी धरून चालतो.

सकाळी न्हावी दाढी कातरत असताना आरशातले स्वतःचे डोळे मिर्झांना ओळखू आले नव्हते. एवढे मोठे, एवढे पांढरे.

"तरी सांगत होतो," शेजारून चालणारे म्हातारे वजीर आगा योनस पुटपुटले. "दरबारचे चितारी शहांना पंचविशीतले रंगवतात आणि सुखाने पुलाव खातात. तुम्हालाच नेमका तो लोंबता डोळा दिसला!"

"दिसला तसा काढला, आगा."

"आता दिसतंय तोवर बघून घ्या."

नवरोजच्या नजराण्यात मिर्झांनी स्वतः काढलेली शहांची तसबीर धाडली होती. मुलूख सांभाळायचा त्यांना मनापासून कंटाळा. कुंचला हातात आला, की मात्र भान उरत नसे. शहांची डावी पापणी जराशी ओघळलेली, जशी आहे तशी उतरली होती. एवढं खरं काही आपल्या हातून झालं नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

मंडपात शहांचा दूत रुस्तम बेग उभा होता. त्याने गाठोड्यातून आधी तसबीरच काढली. खुद्द शहा आल्यासारखं सगळं गाव तिच्यापुढे कमरेत वाकलं. मिर्झाही वाकले.

"हुजूर म्हणाले, हात छान आहे," बेग म्हणाला. "डाव्या डोळ्यात तेवढी चूक झालीय. इथंच सुधारा. मग गाठोड्यातलं पुढचं काढतो."

गाठोड्यात अजून काहीतरी होतं. वरून काहीच कळत नव्हतं.

रंग आले. मिर्झांनी कुंचल्याच्या हाताचं मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरलं. पापणी वर उचलली. तशी उजवा डोळा बारीक दिसायला लागला, म्हणून तोही उघडला. खोटं काढताना लाज वाटत होती, पण भीतीपुढे लाजेचं काही चाललं नाही.

"वा! आता कसे टक्क उघडे!" बेग खूश झाला. त्याने गाठोडं झटकलं. जरीचा झगा निघाला. नुसता झगा. ढोल वाजले, लोक ओरडले. मिर्झा सगळ्यांदेखत रडले, दोन्ही डोळ्यांनी.

झगा चढवायला आगा योनस पुढे झाले आणि थबकले. त्यांची नजर तसबिरीवर होती.

"मालक, हे डोळे कुणाचे काढलेत?"

मिर्झांनी पाहिलं. शहांच्या काळ्याभोर दाढीवरून सकाळचे आरशातले ते डोळे त्यांच्याकडे बघत होते. एवढे मोठे, एवढे पांढरे.

उन्हात रंग केव्हाच वाळला होता. बेग तसबीर गुंडाळायला लागला.

"तख्तासमोर लावायचा हुकूम आहे," तो म्हणाला. "हुजूर रोज बघतील."