कागद येवक नाय

दावा जिंकल्यावर पदरात काय पडणार, याचा हिशेब आनंदीला तोंडपाठ होता. तीन खणांचं घर, अकरा माड, विहिरीतला अर्धा वाटा आणि दीर भाईचं उतरलेलं तोंड. शेवटची बाब तिने सगळ्यात वर मांडली होती.

म्हणूनच कोर्टात टेलिफोन सुरू झाला त्या सकाळी शिपायाच्याही आधी ती हजर होती. काळं, जड यंत्र जज्जसाहेबांच्या टेबलावर बसलं होतं. त्यासाठी वर लिहिलं साहेबांनी, पण अर्जाला जोडलेल्या दोनशे चौदा सह्या तिने मिळवलेल्या. नवरा, सदानंद, वारल्यापासून ती घरातच खाणावळ चालवायची. तारखेला आलेले पक्षकार तिच्याकडे जेवत. सही केल्याशिवाय सोलकढीची दुसरी वाटी मिळत नसे.

खालच्या कोर्टात ती जिंकली होती. भाईने जिल्ह्याला अपील केलं. तिथे निकाल राखून ठेवला. तो टपालाने इथे यायचा आणि इथल्या कारकुनाने दोन्ही बाजूंना कळवायचा. कारकून म्हणजे दाजी. आणि निकाल आला का विचारलं की दाजींचं उत्तर वर्षानुवर्षं एकच.

"कागद येवक नाय."

सुरुवातीला आनंदी त्यांच्यापुढे रडली होती. निकाल उलटा लागलो तर खाडीपलीकडे भावाकडे जावचा लागतला, थंय शाळा चौथीपर्यंत, माझ्या चेडवाचा काय, असं लेकीच्या शाळेबद्दल काहीबाही बोलली होती. दाजींनी तेव्हा पान लावलं, चुना जास्त झाला म्हणून पुसला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्यानंतर ती पुन्हा रडली नाही. तिने राग धरला, आणि तो खाणावळीतल्या लोणच्यासारखा मुरवला.

दाजींची आणखी एक खोड तिला सलायची. कागदाचं विचारलं की हा माणूस मुलीवर घसरायचा. "नर्मदा कितवीत गेली गो?" सहावीत. आठवीत. दहावीत. कुणाच्या लेकीची इयत्ता विचारून फाईल सरकते का? आणि एवढं विचारणाऱ्याने तिच्याकडचा घोटभर चहासुद्धा कधी घेतला नाही. म्हणजे पोट दुसरीकडे भरत असणार. भाई बोटीवर नोकरीला. दोन वर्षांनी एकदा गावात यायचा. आला की बिस्किटांचा परदेशी डबा काखेत मारून दाजींकडे जायचा. आत जाताना तिने त्याला स्वतः पाहिलं होतं. बाहेर पडताना काखेत काय होतं, ते पाहायला ती थांबली नव्हती.

तासाभराने जिल्ह्याला फोन लागला. साहेबांनी अपिलाचा नंबर तीनदा ओरडून सांगितला. मग त्यांचा आवाज खाली आला.

"निकाल लागलाय? केव्हा? जून छप्पन्न?" त्यांनी समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. जानेवारी त्रेसष्ट. "इथे पोचला होता? पोच कुणाच्या सहीची आहे?"

उत्तर ऐकून त्यांनी रिसिव्हर ठेवला आणि दाजींकडे पाहिलं. दाजी शाईची दौत पुसत होते.

आनंदीच्या कानशिलात जाळ उठला. साडेसहा वर्षं! दाबून ठेवला, म्हणजे निकाल तिच्याच बाजूचा. जिंकलेलं घर हातात असून तिने ते उसन्यासारखं राखलं. छपराचे वासे बदलले नाहीत, विहिरीला रहाट बसवला नाही, आज जाईल उद्या जाईल म्हणून. ती बाकाला वळसा घालून दाजींच्या टेबलापाशी गेली.

"दाजीनू, भाईन किती डबे दिले ता सांगा. तुमी माझ्या घरात जेवला असतात तर विष घातलं असतंय मी."

साहेबांनी तिला आवरलं नाही. त्यांनी दाजींना विचारलं, हे खरं का? दाजींनी दौतीचं बूच घट्ट बसवलं. पेन्शनला त्यांना पाच महिने राहिले होते. ते साहेबांना ठाऊक होतं, तसं आनंदीलाही.

"मी लेखी तक्रार देतंय," ती म्हणाली. "आत्ता. हेंच्यासमोर."

तिने दिली. सही करताना टाक कागदातून आरपार गेला. साहेबांनी दाजींना त्या क्षणापासून कामावरून दूर केलं आणि कपाटाची किल्ली मागितली. किल्ली देताना दाजी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याशी बोलले, तेही हळूच.

"परीक्षा मार्चात मां गो?"

एवढा निर्लज्जपणा तिने जन्मात पाहिला नव्हता. ती तोंड फिरवून उभी राहिली. दाजी छत्री घेऊन पायऱ्या उतरले.

लिफाफा सगळ्यात खालच्या खणात होता. साहेबांनी मोठ्याने वाचलं. अपील मंजूर. खालच्या कोर्टाचा निकाल रद्द. घर, माड, विहीर भाईची. आनंदीने निकाल कळल्यापासून तीस दिवसांत ताबा सोडावा.

तिने पुन्हा वाचायला लावलं. तेच आलं.

"आता मला कळवावंच लागेल," साहेब म्हणाले. "आजची तारीख पडेल, बाई."

भाईला घर मिळालं, कोर्टाला टेलिफोन. दाजींचं पेन्शन गेलं. बेरीज तिथवर आली तेव्हा साहेबांनी लिफाफा उलटा करून तिच्यापुढे सरकवला. मागे पेन्सिलने, दाजींच्या बारीक अक्षरात, एकाखाली एक लिहिलं होतं:

जून ५६, पाचवी. जून ५७, सहावी. जून ५८, सातवी. जून ५९, आठवी. जून ६०, नववी. जून ६१, दहावी. जून ६२, अकरावी. मार्च ६३, मॅट्रिकची परीक्षा. मग कळवणे.